राजीची उडी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या वीस-बावीस वर्षांत या माइकसमोर मी बसलो तो बहुतेक वेळा कविता वाचायला. कधी मोहफुलांवर बोललो, कधी तेंदूपत्त्याच्या हंगामावर, एकदा झाडीबोलीतल्या म्हणींवर. यावेळी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, कॉम्प्युटरवरचा एक खेळ. फोनवर पलीकडं जरा शांतता झाली. मग आवाज आला, "म्हणजे त्याचे दुष्परिणाम ना?" मी म्हटलं, नाही. दुष्परिणामांवरचं भाषण मी २००८ साली घरी देऊन चुकलो आहे. ते फार महागात पडलं.

तर खेळाचं नाव 'राजी : अॅन एन्शंट एपिक'. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या कंपनीनं तो केला. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो आधी निन्टेन्डोच्या हातात धरायच्या यंत्रावर आला आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवर. राजी ही एक पोरगी. डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी, दोरीवर चालणारी, कोलांट्या मारणारी. तिचा धाकटा भाऊ गोलू, तो बाहुल्या नाचवतो. जत्रेत दोघांचा खेळ चालू असताना राक्षसांची धाड पडते आणि गोलूला उचलून नेतात. दुर्गा राजीच्या हाती त्रिशूळ देते. मग राजी भावाला शोधायला निघते. गोष्ट एवढीच. आपल्या आज्यांनी याहून गुंतागुंतीच्या गोष्टी सांगितल्या आहेत.

आता मी या वयात त्या पोरीच्या मागं कसा लागलो, हे सांगायचं तर २००८ ला जावं लागेल.

मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. मी वनखात्यात कारकून, नेमणूक आलापल्लीला. पंधरा दिवसांतून एकदा चंद्रपूरला घरी यायचो. माझ्या कविता टाइप करायच्या म्हणून घरात एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला होता. कविता टाइप झाल्या अकरा. बाकी सगळा वेळ त्यावर मुलगा 'डायब्लो टू' नावाचा खेळ खेळायचा. २००० साली अमेरिकेत निघालेला हा खेळ आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या तरी सीडीवरून पोचला होता. कसा, ते विचारू नका.

अशा खेळांना अॅक्शन रोल-प्लेइंग म्हणतात. तुम्ही एक वीर निवडायचा. कुणी कुऱ्हाडवाला, कुणी जादूगारीण. त्याला घेऊन अंधाऱ्या रानात, तळघरात, वाळवंटात शिरायचं. राक्षस मारले की अनुभव वाढतो, अनुभवानं ताकद वाढते, नव्या विद्या येतात. पडलेल्या वस्तू उचलून पिशवीत टाकायच्या. पिशवीला चाळीस घरं. चिलखत ठेवलं तर सहा घरं अडतात, मग बाकी वस्तूंना जागा उरत नाही. मुलगा तासन्‌तास ती पिशवी लावत बसायचा. मला तेव्हा हसू यायचं, आणि संतापही. खरं तर मला ती पिशवी ओळखीची वाटायला हवी होती. माझी नानी अमीर हम्जाची दास्तान सांगायची. त्यातल्या अमर अय्यारकडं एक झोळी असते, जंबील. तिच्यात हत्ती, तंबू, अख्खं शहर मावतं आणि ती कधी भरत नाही. ही दास्तान सांगणारे सांगत राहिले. अकबरानं तिची चौदाशे चित्रं काढून घेतली, आणि लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं तिचे सेहेचाळीस जाडजूड खंड काढले. तिलिस्म, म्हणजे जादूनं बांधलेली नगरी, आणि ती फोडायला निघालेला वीर. नानीच्या तोंडून ऐकताना आम्ही जेवण विसरायचो. तेच मुलानं पडद्यावर पाहिलं तर मी म्हणालो, वेळ वाया घालवतोस.

त्यात ते भारनियमनाचे दिवस. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची धुरांडी अख्ख्या महाराष्ट्रासाठी जळतात, आणि आमच्या गल्लीत संध्याकाळी अंधार. त्या खेळाची रीत अशी की, बंद पडून पुन्हा सुरू झाला की वीर परत गावात येऊन उभा राहतो आणि वाटेतले सगळे मेलेले राक्षस जिवंत होतात. दोन तास खपून पोरगं एखाद्या भुयाराच्या टोकाला पोचायचं आणि वीज जायची. तो रडायचा. मोठ्यानं नाही, नुसता भिंतीकडं तोंड करून. एका खेपेला मी घरी आलो, चाचणीचे गुण पाहिले, त्याचं ते भिंतीकडं तोंड पाहिलं, आणि यंत्र उचलून ऑटोत टाकलं. नऊ हजारांना घेतलेलं अठराशेला विकून आलो. माझ्या अकरा कविताही त्यातच गेल्या, हे मला रात्री लक्षात आलं.

मुलगा काही बोलला नाही. त्यानंतर दहा-बारा वर्षं तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. दहावी झाली, डिप्लोमा झाला, पुण्याला गेला. तिथं एका छोट्या कंपनीत त्याला काम मिळालं. काम काय, तर कॉम्प्युटरवरचे खेळ खेळायचे आणि कुठं काय चुकतंय ते लिहून द्यायचं. 'राजी' करणाऱ्या कंपनीत नव्हे, दुसऱ्याच. ज्याच्यासाठी मी यंत्र विकलं त्याचाच त्याला पगार मिळू लागला, पण हे त्यानं मला एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर भांडण होऊन मोकळं तरी झालो असतो.

२०२१ चा एप्रिल तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. रमजान नुकता सुरू झाला होता आणि दुसरी लाट आली होती. मुलगा पुण्यात आजारी पडला. रिपोर्ट पॉझिटिव्ह, खोलीत एकटा, दारात डबा ठेवून जाणारा एक मित्र. मी इकडं. फोन करायचो. "कसा आहेस?" "ठीक." "ऑक्सिजन?" "चौऱ्याण्णव." "पाणी पी." "हो." मग दोघांकडचे शब्द संपायचे. पंचवीस वर्षं कविता लिहिणारा माणूस मी, पण मुलाशी बोलायला माझ्याकडं त्या आकड्याच्या पुढं काही नव्हतं. आकडा दुसऱ्या दिवशी त्र्याण्णव झाला.

धाकटी मुलगी तेव्हा अठराची. कॉलेज लॅपटॉपवर चालू होतं. भावानंच तिला हा खेळ भेट दिला होता. इफ्तारनंतर ती ओसरीत बसून खेळायची. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मी तिच्यामागं जाऊन उभा राहिलो. पडद्यावर मोठमोठ्या कमानी, निळं पाणी, वर चंद्र, आणि त्या सगळ्यात बोटाएवढी एक पोरगी. ती धावत भिंतीवर चढली, तिथून मागं उसळली आणि खाली जमलेल्या राक्षसांवर त्रिशूळ घेऊन कोसळली. मग एका खांबाला हातानं धरून गरगर फिरली आणि उरलेल्यांना लोळवलं. मला आमच्या लहानपणी जटपुरा गेटजवळ खेळ करणाऱ्या पोरी आठवल्या. बांबूवर चढून अशाच फिरायच्या.

मी म्हटलं, दे बरं जरा.

श्रोतेहो, पहिल्या रात्री ती पोरगी माझ्या हातून किती वेळा दरीत पडली ते मी सांगणार नाही. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर उडी मारायची होती, फार काही नाही. मुलगी झोपायला गेली. सहरीची वेळ झाली तरी मी तिथंच. सकाळी न राहवून पुण्याला फोन लावला आणि ऑक्सिजन विचारायच्या आधी विचारलं, "अरे, त्या तुटलेल्या पुलाच्या पुढं ती जातच नाही. कशी जाते?"

पलीकडं बराच वेळ काही नाही. मग खोकला. मग हसण्यासारखं काहीतरी. "अब्बा, आप राजी खेल रहे?" आमच्या घरात आम्ही आमची चंद्रपुरी हिंदी बोलतो. मग तो म्हणाला, "पहले रुख, फिर कूद." आधी दिशा, मग उडी. मी दोन्ही कळा एकदम दाबत होतो. त्या दिवशी आम्ही बावीस मिनिटं बोललो. फोनवर आकडा दिसतो म्हणून माहीत. मधून मधून दम लागला की तो थांबायचा, मी वाट पाहायचो. शेवटी मी ऑक्सिजन विचारला, तेव्हा तो सहज म्हणाला, "त्र्याण्णवच आहे."

तेव्हापासून रोज. मी रात्री अडायचो आणि सकाळी विचारायचो. दोन-तीनदा तर मी मुद्दाम अडलो, हेही आता कबूल करायला हरकत नाही.

यात त्यानं मला एक काम लावलं. म्हणाला, अब्बा, नुसतं वैतागू नका, लिहून ठेवा. आमच्याकडं तसंच करतात. कुठं, काय करत होता, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मी कचेरीतली जुनी वही घेतली आणि क्रमांक टाकून लिहू लागलो. मी वाचून दाखवायचो आणि तो निकाल द्यायचा. "ही चूक खेळाची." "ही तुमची." पहिल्या दहांपैकी सात माझ्या निघाल्या.

पण तीन खेळाच्या होत्या, आणि त्या सांगायलाच हव्यात. या खेळात तुम्ही कुठून बघायचं हे तुमच्या हाती नाही. कॅमेरा बांधलेला, बराच लांब. त्यामुळं देखावा अप्रतिम दिसतो. एकेक चौकट पहाडी लघुचित्रासारखी, राजवाडे राजस्थानी बांधणीचे, आणि त्यात माणूस लहानसा. हीच तर त्याची खरी शोभा आहे. पण त्याच लांबून उडीचा अंदाज येत नाही. कडा पुढं आहे की बाजूला, कळत नाही. सौंदर्यापायी पोरगी दरीत जाते. दुसरं, एखाद्या चौकात पाऊल टाकलं की वाटा बंद होतात, वाद्यं वाढतात आणि राक्षस उगवतात. दोन-चार खेपा धडकी भरते, नंतर चौक दिसला की कळतं, आता इथं लढाई. मी आलापल्लीच्या रानात आयुष्याची दहा वर्षं काढली आहेत. तिथल्या उंच सागवानांखाली धोका येतो तेव्हा काहीही वाजत नाही. उलट रातकिडे गप्प होतात. मग लांबून वानर खाकरतं. तेवढंच. हे मी वहीत लिहिलं तर मुलगा म्हणाला, "अब्बा, ही चूक म्हणून नाही चालणार, पण लिहून ठेवा. चांगलं आहे."

तिसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची. राजीची कथा दोघं सांगतात, विष्णू आणि दुर्गा. वरून पाहत आपसात बोलतात, ही पोर टिकेल का, हिलाच का निवडलंस. कल्पना मला फार आवडली. झाडीपट्टीच्या नाटकात पहिल्या ओळीत दोन जाणते बसतात आणि रात्रभर आपसात शेरे मारतात, अगदी तसं. पण मी खेळलो तेव्हा ते दोघे बोलत होते इंग्रजीत. पडद्यावर गोलूचं नाव, रक्षाबंधनाची जत्रा, मागं आपली वाद्यं (संगीतकार मात्र ग्रीक आहेत, लिनोस त्झेलोस, आणि काम उत्तम केलंय), आणि दुर्गा बोलते इंग्रजी. माझं बीएपर्यंतचं इंग्रजी तिथं कसंबसं पुरलं. पुढं २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यात हिंदी आवाज आले. ते ऐकल्यावर पात्रं माणसात आली. मराठीत काही ते अजून बोलत नाहीत. खेळ पुण्याचा असून. मला आयुष्यभर लोकांनी विचारलंय, तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसे काय लिहिता? पुण्याच्या दुर्गेला कुणी विचारत नाही, इंग्रजीत कसं काय म्हणून.

त्यावरून आठवलं. एका कविमित्रानं भुवया उंचावून विचारलं, "तुमच्या घरी दुर्गेचा खेळ चालतो का?" नात्यातल्या एका बुजुर्गांनीही तेच विचारलं, कारण वेगळं. दोघांना मी एकच सांगितलं, त्या तुटक्या पुलाच्या पुढं जाऊन दाखवा, मग बोलू. माझ्या वडिलांचं चैत्रात महाकालीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान लागायचं. नांदेडकडून बैलगाड्या भरून यात्रेकरू यायचे. बायका झरपटीत आंघोळ करून ओल्या हातांनीच बांगड्या भरायला बसायच्या. माझी शाळेची फी त्या दुकानावर निघायची. देवीच्या गोष्टी मी तिथं, बांगड्यांच्या पेटीवर बसून ऐकल्या. त्यामुळं राजीच्या वाटेवर भिंतींवरची चित्रं लागतात आणि त्यांच्या पुराणकथा ऐकू येतात, तेव्हा मला काही नवखं वाटलं नाही. उलट वाटलं, हे नुसतं का सांगताहेत? या गोष्टी खेळायला का देत नाहीत? या खेळाची ही मोठी उणीव आहे. कथा कानांवर पडते आणि हातांना मात्र मारामारी उरते. वाटेत बोलायला जवळजवळ माणूसच भेटत नाही. एवढी थोरली नगरी, आणि पाणी भरणारी एक बाई नाही. त्या जुन्या 'डायब्लो'त निदान गाव होतं. तिथं एक म्हातारा कथेकरी आहे, जळक्या गावात पिंजऱ्यात टांगलेला. त्याला सोडवलं की तो तुम्हाला सापडलेल्या अनोळखी वस्तूंची ओळख फुकटात करून देतो. हे मला मुलानं आता सांगितलं. चौदाव्या वर्षी त्यानं त्या म्हाताऱ्याला सोडवलं होतं म्हणे. कितीदा, तर वीज जितक्यांदा गेली तितक्यांदा.

शस्त्रांचंही तसंच. त्रिशूळ, धनुष्य, तलवार-ढाल मिळत जातात, त्यांत दैवी शक्ती वाढवायची सोय आहे. मी वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. मला फार फरक जाणवला नाही. मुलाचंही मत तेच पडलं. काटेकोर बोलायचं तर म्हणूनच जाणकार याला अॅक्शन रोल-प्लेइंग न म्हणता अॅक्शन-अॅडव्हेंचर म्हणतात. वीर वाढवण्याची मजा यात थोडी. पिशवी तर नाहीच.

पण एक जागा अशी आहे की तिच्यासाठी मी बाकी सगळं माफ करतो. मधे मधे गोल चक्रं लागतात, चित्राची चकती तुकड्या-तुकड्यांत फिरवून ठेवलेली. कडी फिरवत चित्र जुळवायचं. जुळलं की दिसतं, राजी आणि गोलूचं लहानपण. तिथं राक्षस नाहीत, घाई नाही, कुणी दरीत पडत नाही. नुसती आठवण जागेवर आणायची. पहिलं चक्र जुळलं तेव्हा धाकटी शेजारी होती. काही न बोलता ती उठून आत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, भावाशी फोनवर बोलत होती. त्या दिवशी त्याचा आकडा शहाण्णव होता.

हा खेळ झाला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड, अशी तिघांनी सुरुवात केली. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीसाठी इंटरनेटवर हाक दिली. ती फसली. काम चालू ठेवायला श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला, असं छापून आलेलं आहे. मग परदेशी मदत आणि प्रकाशक मिळाले. एवढ्याशा चमूचा हा पहिलाच खेळ २०२० च्या 'द गेम अॅवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात जगातल्या शेवटच्या पाचांत होता. बक्षीस दुसऱ्याला गेलं. हे कळल्यावर मी वहीतल्या चार-पाच तक्रारी खोडल्या. मुलानं त्या परत लिहायला लावल्या. म्हणाला, "फ्लॅट विकला म्हणून उडी नीट होत नाही, अब्बा. कीव करून खेळ सुधारत नाहीत."

ईदच्या आदल्या रात्री, १३ मेला, मी शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलो. महाबलासुर. त्या दिवसांत आमच्याकडं उकाडा असा की लॅपटॉपखाली ओलं फडकं ठेवलेलं. धाकटी वारा घालत होती, मला नव्हे, लॅपटॉपला. मुलगा तोवर बरा होऊन कामाला लागला होता, फोनवर होता, आवाजावरून सांगत होता, आता हटा, आता मारा. रात्री दीडच्या सुमाराला महाबलासुर पडला. मी पाठ टेकून बसलो, आता बहीण-भाऊ भेटतील. दोन-चार चित्रं सरकली आणि नावांची यादी सुरू झाली.

मी म्हटलं, "आणि भाऊ?"

तो म्हणाला, "इतकंच आहे."

श्रोतेहो, मी झाडीपट्टीतला माणूस. आमच्याकडं दिवाळीनंतर मंडईत रात्रभर नाटक चालतं, थंडीत शेकोट्या पेटवून लोक पहाटेपर्यंत बसतात. पडदा पडायच्या आधी हरवलेलं पोर आईला भेटलं नाही, तर प्रेक्षक उठायचे नाहीत, आणि नाटकवाल्यांना पुढल्या वर्षी त्या गावात कुणी बोलावायचं नाही. पाच-सहा तास ती पोर भावासाठी जिवावर उदार होते आणि तुम्ही शेवट पुढल्या खेपेवर टाकता? मी त्या रात्री फोनवर बराच बोललो. मुलगा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "त्यांच्याकडचे पैसे संपले असतील, अब्बा. पुढं करतील." पुढच्या भागाची घोषणा २०२५ साली झाली. नाव 'राजी : कलियुग'.

बकरी ईदला, जुलैमध्ये, तो घरी आला. हडकलेला, पण चालता-बोलता. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर मी त्याला स्कूटरवर बसवून लालपेठेकडं नेलं. चंद्रपूरच्या श्रोत्यांना ठाऊक आहेच, बाहेरच्यांसाठी सांगतो. तिथं उघड्यावर अवाढव्य दगडी मूर्ती पडलेल्या आहेत. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्यानं मोठं देवालय बांधायला घेतलं, मूर्ती कोरून घेतल्या आणि देऊळ उभं राहायच्या आधी तो वारला, असं सांगतात. सगळ्यांत मोठी मूर्ती दहा तोंडांच्या दुर्गेची, पंचवीस फुटांच्या आसपास. आमच्या लहानपणी पोरं तिला रावणच म्हणायची, दहा तोंडं पाहून. मुलगा तिच्याभोवती फिरला. पावसाचं पाणी तिच्या हातांच्या खोबणीत साचलं होतं. तो म्हणाला, "हिचाही दुसरा भाग राहिला." मग खाली वाकून पाहत म्हणाला, "उडी मारायला जागा चांगली आहे." मी म्हटलं, मारू नकोस. तुझा बाप अजून फुप्फुसाच्या एक्स-रेवर आहे.

घरी आल्यावर त्यानं ती वही मागितली. माझ्या एकतीस नोंदी झाल्या होत्या. एकतिसावी अशी होती : शेवट. काय व्हायला हवं होतं, गोलू भेटायला हवा होता. काय झालं, नावं आली. जेवणं झाल्यावर तो ओसरीत बसून सगळी वही वाचत होता. शेजारी बहीण, मधेच दोघं हसत होते. मी आत अंथरुणावर पडून ऐकत होतो.

सकाळी ऑफिसला निघताना वही उघडली. एकतिसाव्या नोंदीपुढं त्यानं लाल पेननं लिहिलं होतं, मान्य. खाली त्याच्या अक्षरात आणखी एक नोंद होती.

बत्तीस. साल २००८. सेव्ह न करता बंद केलं.

काय व्हायला हवं होतं, ती जागा त्यानं कोरी सोडली होती. मी पेन घेऊन बराच वेळ उभा राहिलो. मग त्याच्या लाल शब्दासारखाच एक शब्द तिथं लिहिला आणि वही त्याच्या बॅगेत वरच ठेवून दिली.